स्क्रोल होणारी लिस्ट

स्क्रोल होणारी लिस्ट म्हणजे एकाखाली एक ओळी लावलेली, बोटाने वरखाली सरकवता येणारी मांडणी. फोनमधे कॉन्टॅक्ट, मेसेज, मेल, सेटिंग काहीही उघडा, बहुतेक हीच दिसते, कारण स्क्रीन उभी आणि अरुंद, दुसरं फारसं काही बसतच नाही.

यातली खरी गंमत अशी की लिस्टमधे पाच हजार ओळी असल्या तरी अ‍ॅप तेवढ्या बनवत नाही. स्क्रीनवर मावतात तेवढ्या आणि वरखाली एखाद-दोन जास्तीच्या, बस. वरून बाहेर गेलेली ओळ नवा डेटा भरून खालून परत आत येते, रहाटगाडग्याच्या पोहऱ्यासारखी. आयफोनवर हे काम 2008 पासून यूआयटेबलव्ह्यू हा लिस्टसाठीचा तयार घटक करतो. अँड्रॉइडच्या जुन्या लिस्टव्ह्यूमधे पण ओळ परत वापरता यायची, पण ते प्रोग्रामरच्या शिस्तीवर सोडलेलं होतं, मग 2014 मधे रिसायकलरव्ह्यू आला आणि व्ह्यूहोल्डर, म्हणजे परत वापरायची ओळ धरून ठेवणारा डबा, सक्तीचा झाला. आता अ‍ॅपचे स्क्रीन बनवायच्या नव्या साधनांपैकी जेटपॅक कंपोझमधे लेझीकॉलम आहे, फ्लटरमधे लिस्टव्ह्यू बिल्डर आहे, आतली पद्धत थोडी वेगळी पण तत्त्व तेच, दिसेल तेवढंच बनवा.

लिस्टचे बरेचसे घोळ इथूनच निघतात. ओळ परत वापरताना आधीचा फोटो पुसला नाही आणि नवा नेटवरून यायला उशीर झाला की एकाच्या नावापुढे दुसऱ्याचाच चेहरा झळकतो. चेकबॉक्सचं पण तसंच, टिक केली तिसऱ्या ओळीला आणि खाली गेल्यावर भलत्याच ओळीला टिक दिसते. आणि लिस्ट उचलून दुसऱ्या स्क्रोलच्या पोटात पूर्ण उंचीने घातली तर सगळ्या ओळी एकदम बनतात, फोन हँग होतो आणि लोक फोनला शिव्या देतात. 60 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 60 वेळा चित्र बदलणाऱ्या स्क्रीनवर एका फ्रेमला (एका चित्राला) साधारण 16.7 मिलिसेकंद मिळतात, 120 वर 8.3, तेवढ्यात काम आटपलं नाही की स्क्रोल अडखळतो.

मापांबद्दल बोलायचं तर बोट नीट लागावं म्हणून अ‍ॅपल किमान 44 पॉइंट सांगतं, गूगल 48 डीपी (दोन्ही स्क्रीनवर मोजायची एककं). पण हे किमान आहे, ओळीची उंची तिथेच खिळवून ठेवायची नसते, कारण युजरने अक्षरं मोठी केली की मजकूर कापला जातो, आणि देवनागरीत तर वरची मात्रा आणि खालचा उकार आधी जातो. फोटोची जागा मात्र आधीच राखून ठेवावी, नाहीतर फोटो आला की ओळी खाली ढकलल्या जातात आणि बोट भलतीकडेच पडतं.

न संपणारा स्क्रोल 2006 मधे एझा रास्किन या इंटरफेस डिझायनरने काढला, नंतर त्याने स्वतःच त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. वाचत बसायच्या फीडला तो चालतो, पण नेमकी एक गोष्ट शोधायची असेल तर वैताग, तिथे सर्च किंवा फिल्टरच हवा. आणि ओळ उघडून मागे आल्यावर लिस्ट परत पहिल्यापासून सुरू होत असेल तर त्याला माफी नाही.

रिकामी लिस्ट, लोडिंग, नेट गेलेलं, या तिन्हीची स्क्रीन वेगवेगळी लागते, कोरा पांढरा पडदा बघून काय झालंय ते कोणालाच कळत नाही. शेवटच्या ओळीखाली पण जागा सोडावी लागते, नाहीतर तरंगतं गोल बटण नेमकं तिच्यावरच बसतं, आणि डेमोला तीनच ओळी असतात म्हणून हे रिलीज होईपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.