थंड इंजिनाला पेट्रोल नव्हे, वाफ लागते

गाडी रात्रभर उभी राहिली आणि सकाळी पाच-सहा वेळा सेल्फ मारल्याशिवाय चालू झाली नाही, की पहिला आळ बॅटरीवर येतो. कधी तो खरा असतो, कधी नवी बॅटरी घालूनही दुखणं तसंच राहतं. पैसे खर्च करण्याआधी कान द्या: सेल्फ जड, रेंगाळत फिरतोय, की नेहमीच्या वेगाने फिरूनही इंजिन पकडत नाही? हे दोन वेगळे आजार आहेत.

जड फिरण्याचा प्रकार सोपा. थंडीत बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते आणि नेमकं त्याच वेळी ऑइल घट्ट होऊन इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. उणे १८ अंशांना बॅटरीची ताकद जवळपास निम्म्यावर येते. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या चांगल्या बॅटरीवर मल्टिमीटर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवतो, १२.२ म्हणजे ती अर्धी रिकामी. सेल्फ फिरताना आकडा ९.६ च्या खाली जाऊ नये. आकडे ठीक असूनही सेल्फ जड असेल, तर मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर टेकवून कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर दोष अर्थिंगच्या केबलचा किंवा तिच्या गंजलेल्या बोल्टचा. पॉलिश पेपरने घासून तो घट्ट आवळला की काम झालं. ऑइलही मॅन्युअलमधल्या ग्रेडचंच हवं: ५डब्ल्यू-३० सांगितलेल्या इंजिनात त्याहून घट्ट २०डब्ल्यू-५० ओतलं, तर थंडीत सेल्फ कुरकुरणारच.

खरी गंमत दुसऱ्या प्रकारात आहे. द्रव पेट्रोल जळत नाही, जळते ती त्याची हवेत मिसळलेली वाफ. एक किलो पेट्रोलला साधारण १४.७ किलो हवा हे आदर्श प्रमाण, पण ते वाफेचं. पेट्रोल हे अनेक द्रवांचं मिश्रण असतं. थंड इंजिनात त्यातला फक्त हलका भाग उडतो, बाकीचा भाग हवा आत नेणाऱ्या थंड वाटेवर आणि सिलिंडरच्या भिंतींवर ओल धरून बसतो. वाफ पुरेशी व्हावी म्हणून मग पेट्रोलच जास्त सोडावं लागतं. जुन्या गाड्यांत हे काम चोक करायचा, आता कॉम्प्युटर करतो. इथेनॉलचं तर आणखी अवघड. सुमारे १३ अंशांच्या खाली शुद्ध इथेनॉलची पेट घेण्याजोगी वाफच होत नाही. म्हणूनच ब्राझीलमधल्या इथेनॉलवर चालणाऱ्या अनेक गाड्यांत थंडीत चालू करण्यासाठी पेट्रोलची वेगळी छोटी टाकी असे.

किती जास्त पेट्रोल सोडायचं, हे कॉम्प्युटर कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या, तापमानावरून ठरवतो. ते सांगणारा सेन्सर म्हणजे एक थर्मिस्टर: तापमान वाढलं की त्याचा विद्युत रोध घटतो, आणि तोही सरळ रेषेत नव्हे, झपाट्याने. एका प्रचलित प्रकारात शून्य अंशाला सुमारे ५९०० ओहम, २० अंशांना २५००, ६० ला ६००, ८० ला ३२०. आता समजा, कनेक्टरमध्ये ओल शिरली आणि सेन्सरला समांतर अशी ५०० ओहमची चोरवाट तयार झाली. २० अंशांना २५०० आणि ५०० मिळून होतात सुमारे ४२०. कॉम्प्युटर समजतो इंजिन ७० अंशांवर आहे, आणि पेट्रोल सोडताना हात आखडता घेतो. सेल्फ फिरत राहतो, इंजिन पकडत नाही. हीच चोरवाट गरम इंजिनात मात्र ८० अंशांचे ९८ अंश भासवते, म्हणजे फार काही बिघडत नाही. म्हणून गाडी गरम असताना शहाण्यासारखी वागते. उलट, कनेक्टरच्या गंजाने २००० ओहम वाढले, तर २० अंशांचं इंजिन ६ अंशांचं भासतं, फरक मामुली. पण ८० अंशांचं इंजिन २२ चं भासतं, कॉम्प्युटर गरज नसताना जास्त पेट्रोल सोडतो आणि गाडी काळा धूर सोडते. एकच सेन्सर, दोन उलट रोग.

तपासणी सोपी आहे. रात्रभर उभ्या गाडीला सकाळी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं यंत्र) लावून, इंजिन चालू न करता, कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान पाहा. दोन्हींत पाच अंशांहून जास्त फरक असेल, तर एक सेन्सर खोटं बोलतोय. आधी कनेक्टर उघडून कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा, मगच सेन्सर बदला. बदलताना इंजिन पूर्ण थंड हवं, कारण गरम कूलंट दाबाखाली असतं. नवा वॉशर वापरा आणि सांडलेलं कूलंट भरून काढा.

सेन्सर बरा निघाला, तर चावी ऑन करून तीन सेकंद थांबा, बंद करा. असं तीनदा करून मग सेल्फ मारा. लगेच चालू झाली, तर रात्रीत पेट्रोलचा दाब उतरतोय. पंपातला उलट प्रवाह रोखणारा व्हॉल्व्ह गळत असेल किंवा एखादा इंजेक्टर, म्हणजे पेट्रोल फवारणारी तोटी. सुरुवातीलाच काळा धूर आणि पेट्रोलचा उग्र वास आला, तर इंजेक्टरवर संशय घ्या. ॲक्सिलरेटर किंचित दाबल्यावरच चालू होत असेल, तर थ्रॉटल बॉडीत, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या भागात, कार्बन साचलाय. इंजेक्शनच्या गाडीत सेल्फआधी रेस पंप करत बसणं मात्र व्यर्थ, तो कार्बोरेटरच्या काळातला विधी आहे. उलट, सेल्फ मारताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरला, तर बहुतेक गाड्यांत पेट्रोल बंद होतं. प्लग ओले झाले असतील, तर हाच उपाय. आणि पेट्रोल चांगलं जळावं म्हणून नळीला बांधायला विकली जाणारी चुंबकं? ती फ्रिजच्या दारावर शोभतील. चुंबकाने पेट्रोलची वाफ जास्त होत नाही.

डिझेलला ठिणगी नसते, दाबलेल्या हवेच्या उष्णतेवरच सगळा भरवसा. सेल्फ फिरताना पांढरा धूर येत असेल, तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही: ग्लो प्लग, म्हणजे थंड इंजिनात सिलिंडरच्या आत तापणाऱ्या छोट्या कांड्या, तपासा. वायर काढून प्रत्येकाचा रोध मोजा, एक-दोन ओहमच्या आत हवा. मीटर अनंत दाखवत असेल, तर तो मेला. काढताना इंजिन कोमट असू द्या आणि जोर लावू नका. प्लग हेडमध्ये (सिलिंडरवरच्या झाकणात) तुटला, तर हेड उतरवण्यापर्यंत पाळी येते.