नाकाच्या अस्तरात स्टेरॉइडचा फवारा काय करतो

गाजर गवत भारतात ठळकपणे नजरेस आले ते १९५० च्या दशकाच्या मध्यास, पुण्यातच. पावसाळ्यात माजलेल्या या 'काँग्रेस गवता'चे परागकण अनेक पुणेकरांना सकाळी उठल्यापासून शिंकांनी हैराण करतात.

अशा माणसाच्या नाकाच्या अस्तरातील मास्ट पेशींवर, म्हणजे अ‍ॅलर्जीची रसायने साठवून ठेवणाऱ्या पेशींवर, 'आयजीई' ही प्रतिपिंडे आधीच बसलेली असतात. परागातील प्रथिन त्यांना जोडले जाताच काही मिनिटांत हिस्टमीन हे रसायन बाहेर पडते, चेतातंतू चाळवतात आणि नाक वाहू लागते. मात्र खरे नुकसान त्यानंतरच्या काही तासांत होते. रक्तातून इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी अस्तरात शिरतात, त्यांची दाहक प्रथिने वरच्या थरातील पेशींना इजा करतात आणि त्या पेशींमधील सांधे सैलावतात. म्हणूनच ऐन मोसमात पुढे पुढे थोडेसे परागही पुरेसे होतात.

अ‍ॅलर्जीची गोळी हिस्टमीनला पेशीवर जागा मिळू देत नाही, त्यामुळे शिंका लवकर थांबतात, पण चोंदलेले नाक तिला फारसे दाद देत नाही. नाक तात्काळ मोकळे करणारे थेंब केवळ रक्तवाहिन्या आकुंचित करतात, आणि ते काही दिवसांहून अधिक वापरले तर नाक उलट जास्तच चोंदते.

स्टेरॉइडच्या फवाऱ्याची रीत निराळी आहे. त्याचे रेणू पेशीच्या आत जाऊन त्यांना धरून घेणाऱ्या एका ग्राही प्रथिनाशी जोडले जातात, ती जोडी केंद्रकात पोहोचते आणि दाह पेटवणाऱ्या प्रथिनांच्या जनुकांचे काम मंदावते. इओसिनोफिलांना मिळणारे बोलावणेच त्यामुळे कमी होते. याला वेळ लागतो. पूर्ण परिणामासाठी एक-दोन आठवडे रोज फवारावे लागते, आणि 'दोन दिवस मारला, काही फरक नाही' ही तक्रार बहुधा इथेच जन्म घेते.

रोजच्या फवाऱ्याने अस्तर पातळ होईल, ही अनेकांची भीती निराधार म्हणता येणार नाही, कारण स्टेरॉइडच्या मलमाने त्वचा खरोखरच पातळ होते. परंतु वर्षभर रोज मोमेटासोन हे स्टेरॉइड फवारलेल्या रुग्णांच्या अस्तराचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले असता ते झिजलेले आढळले नाही; उलट इओसिनोफिल घटले होते आणि वरचा थर अधिक अखंड दिसत होता. फवारा वापरताना काहींच्या नाकातून रक्त येते, त्यामागे पुष्कळदा फवारा नाकाच्या मधल्या पडद्यावर आदळणे हे कारण असते. डाव्या नाकपुडीसाठी उजवा हात वापरला, की नळीचे तोंड आपोआप बाहेरच्या बाजूला, कानाकडे वळते.