गायनस्पर्धांचे स्मरणरंजन (ठाणे व नवी मुंबई)

दूरचित्रवाणीवरच्या सुरुवातीच्या गायनस्पर्धा, त्यांतून पुढे आलेले गायक आणि त्या स्पर्धा सगळ्यांनी मिळून पाहण्याची रीत यांविषयी ठाणे व नवी मुंबईतल्या मराठी घरांत आजही टिकून असलेली ओढ. हा काळ ढोबळमानाने १९९५ ते २००९ असा धरता येतो. १९९५ मध्ये झी टीव्हीवर हिंदी ‘सारेगम’ सुरू झाले आणि २००९ च्या फेब्रुवारीत झी मराठीच्या ‘सारेगमप लिटिल चॅम्प्स’चा पहिला अंतिम सोहळा झाला. मधल्या वर्षांत गाणाऱ्यांइतकेच ऐकणारेही तयार झाले. आज लोक हळहळतात ती बरीचशी त्या ऐकण्यासाठी. एका खोलीत आठ-दहा माणसांनी एकच गाणे एकाच वेळी ऐकायचे आणि ‘जागा’ (गाण्यातली नाजूक हरकत) कुठे सुरेख घेतली, सूर कुठे सुटला यावर तिथल्या तिथे बोलायचे, ही सवय पुढे मोडली.

स्पर्धा आल्या त्या काही कोऱ्या जमिनीवर नाही. ठाणे हे पी. सावळाराम यांचे गाव. लता मंगेशकरांनी गायलेली कितीतरी गाणी लिहिणारा हा कवी ठाण्याचा नगराध्यक्षही होता. तलावपाळीजवळचे गडकरी रंगायतन १९७८ पासून उभे आहे, आणि तिथे नाटकांच्या बरोबरीने भावगीतांचे, नाट्यसंगीताचे कार्यक्रम होत आले आहेत. खाडीपलीकडे वाशीत अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची वास्तू आणि विष्णुदास भावे नाट्यगृह आहे. नौपाड्यात किंवा नेरूळमध्ये एखाद्या इमारतीच्या तळमजल्यावर पेटी, तबला आणि ‘प्रारंभिक’, ‘प्रवेशिका’ अशा परीक्षांची तयारी करणारी मुले हे दृश्य आधीपासूनचे. घरातली मुलगी गाते, पाहुणे आले की तिला गायला बसवतात, ती लाजते आणि शेवटी गाते. स्पर्धांनी या मुलीला पडद्यावर आणून बसवले.

‘सारेगम’चा सूत्रसंचालक सोनू निगम तेव्हा तरुण होता आणि स्वतः गायक म्हणून धडपडत होता. परीक्षकांच्या खुर्चीत शास्त्रीय संगीतातली आणि चित्रपटसंगीतातली बुजुर्ग मंडळी बसत. ती रागावत नसत, नाटकही करत नसत; स्पर्धक वाकून नमस्कार करी आणि ‘बेटा, मध्य सप्तकात अजून काम कर’ अशा धर्तीचे दोन शब्द घेऊन जाई. श्रेया घोषाल लहान वयात याच मंचावर गायली आणि जिंकली. २००२ मध्ये ‘देवदास’मधून ती देशाला माहीत झाली, तेव्हा ठाण्यात अनेक घरांत ‘आपण हिला फ्रॉकमध्ये असताना ऐकलंय’ हे अभिमानाने सांगितले गेले. दूरदर्शनच्या ‘मेरी आवाज सुनो’ने त्याच सुमारास सुनिधी चौहान दिली. या दोघी पुढे इतक्या मोठ्या झाल्या की त्यांचा उगम एका स्पर्धेत आहे हे नव्या पिढीला सांगावे लागते.

दुसरा टप्पा ‘इंडियन आयडल’चा. ब्रिटनमधल्या ‘पॉप आयडल’ या कार्यक्रमाची ही भारतीय आवृत्ती ऑक्टोबर २००४ मध्ये सोनी वाहिनीवर आली आणि ५ मार्च २००५ रोजी अभिजीत सावंत तिचा पहिला विजेता ठरला. अनू मलिक, फराह खान आणि सोनू निगम हे परीक्षक होते, पण निकाल प्रेक्षकांच्या हाती गेला होता. मुंबईचा, मराठी आडनावाचा, शेजारच्या इमारतीत राहत असावा असा वाटणारा मुलगा देशभरच्या मतांवर जिंकतो, याचा आनंद ठाण्यात घरचे कार्य असावे तसा साजरा झाला. त्याचे ‘मोहब्बतें लुटाऊंगा’ त्या वर्षी गणपतीच्या मांडवात, रिक्षात, लग्नाच्या हॉलमध्ये सगळीकडे वाजत होते. ठाणे–वाशी लोकल तेव्हा नुकतीच, २००४ मध्ये, सुरू झाली होती. ऐरोली, घणसोली, तुर्भे करत नोकरीला जाणाऱ्या बायकांच्या डब्यात आदल्या रात्रीच्या निकालावर जे बोलले जाई, ते कुठल्याही समीक्षेइतके बारीक असे.

मत एसएमएसने द्यायचे. साध्या मेसेजपेक्षा तो महाग पडे, आणि बहुतेक घरांत मोबाइल एकच, तोही वडिलांचा. त्यामुळे मत कोणाला द्यायचे यावर आधी घरात निवडणूक होई. आजीचे मत चेहऱ्याला, आईचे सुराला, मुलांचे कपड्यांना. एसएमएसने गाण्याचा निकाल लावणे मुळातच चुकीचे, असे म्हणणारे तेव्हाही होते आणि त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. २००७ च्या पर्वात गावे, राज्ये, समाज आपापल्या उमेदवारामागे उभे राहिले आणि गाणे मागे पडले. मात्र मतदानामुळे ऐकणाऱ्याला काहीतरी ठरवावे लागे, आणि ठरवायचे म्हणजे कान देऊन ऐकणे आले, हेही तितकेच खरे आहे.

ठाणे–नवी मुंबईच्या आठवणी सर्वाधिक जडल्या आहेत त्या मराठी ‘सारेगमप’वर. १९९९ मध्ये सुरू झालेली अल्फा मराठी वाहिनी २००५ मध्ये झी मराठी झाली आणि या कार्यक्रमाने तिला घराघरात नेले. पल्लवी जोशी यांचे सूत्रसंचालन, कमलेश भडकमकर यांचे संगीत संयोजन आणि गुणांऐवजी स्वर देण्याची पद्धत ही त्याची ओळख. स्पर्धकाला दहापैकी आठ न मिळता ‘ध’ मिळे, ‘नि’ मिळे, आणि गाणे अगदीच मनात उतरले तर ‘वरचा सा’. अंकाने जे सांगता येत नाही ते स्वराने सांगणारी यापेक्षा सुंदर गुणपद्धती मराठी दूरचित्रवाणीवर दुसरी झाली नाही. तिचा परिणाम असा की प्राथमिक शाळेतल्या मुलांनाही सप्तक पाठ झाले. घरात आमटी चांगली झाली की ‘वरचा सा’, मीठ कमी पडले की ‘म’. परीक्षक अवधूत गुप्ते यांचा ‘चाबूक!’ हा शाबासकीचा शब्दही असाच शाळेच्या पटांगणापर्यंत पोहोचला.

या कार्यक्रमाने आणखी एक गोष्ट केली, जिच्याबद्दल फारसे लिहिले जात नाही. साथीदारांना नावे मिळाली. अमर ओक यांची बासरी, सत्यजित प्रभू यांचा सिंथेसायझर, अर्चिस लेले यांचा तबला, निलेश परब यांची ढोलकी. कॅमेरा त्यांच्यावर जाई, परीक्षक त्यांना दाद देत, स्पर्धक त्यांच्याकडे बघून सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, गाठत. तोवर सामान्य श्रोत्याला गाणे म्हणजे गायक एवढेच ठाऊक होते. गडकरीत पुढे या वादकांपैकी कोणाचे नाव पुकारले गेले की टाळी गायकाइतकीच जोरात पडू लागली.

२००८ च्या पावसाळ्यात ‘लिटिल चॅम्प्स’ सुरू झाले. परीक्षक अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत. शेवटी पाच मुले उरली: आळंदीची कार्तिकी गायकवाड, पुण्याची आर्या आंबेकर, लातूरचा रोहित राऊत, रत्नागिरीकडचा प्रथमेश लघाटे आणि अलिबागची मुग्धा वैशंपायन. प्रथमेश ‘मोदक’ झाला, सगळ्यांत धाकटी मुग्धा ‘मॉनिटर’. आळंदी, लातूर, अलिबाग, रत्नागिरी ही गावे ठाण्या–नवी मुंबईतल्या माणसाला परकी नव्हती, कारण इथली निम्मी घरे तिथूनच आलेली. कोपरखैरणेतल्या माथाडी वसाहतीतल्या सातारकराने आणि नौपाड्यातल्या रत्नागिरीकराने एकाच कार्यक्रमात आपापले गाव शोधावे, असे क्वचितच घडते. कार्तिकीच्या ‘घागर घेऊन’ने गवळण ठाण्याच्या फ्लॅटमध्ये आणली, आणि प्रथमेशच्या नाट्यपदांनी अकरा-बारा वर्षांच्या मुलांना नाट्यसंगीत हे फक्त आजोबांचे नाही हे दाखवले. कार्तिकी जिंकली. आर्या जिंकायला हवी होती की प्रथमेश, हा वाद आजही हळदीकुंकवाला रंगतो.

त्या दिवसांत ठाण्यात वीज जात असे. मुंबई शहरात दिवे लख्ख, आणि इकडे भारनियमन. प्रस्तुत लेखक तेव्हा नौपाड्यात दुसऱ्या मजल्यावर राहत होता. एका रात्री मुग्धाचे नाव पुकारले गेले आणि खोली अंधारली. शेजारच्या काकू, त्यांची दोन मुले, खालचे आजोबा, सगळे आमच्याकडेच जमलेले. आईने मेणबत्ती न शोधता आधी दादरच्या मावशीला फोन लावला. मावशीने रिसीव्हर टीव्हीजवळ धरून ठेवला. आमच्याकडे काळा, गोल चकतीचा नाही पण तसाच जड लँडलाइन फोन होता, आणि त्याला स्पीकर नव्हता. मग रिसीव्हर हातोहात फिरला. प्रत्येकाच्या वाट्याला दोन ओळी. आजोबांच्या वाट्याला अंतऱ्याचा शेवट आला. त्यांनी डोळे मिटले, रिसीव्हर आईकडे दिला आणि म्हणाले, “पोरीनं वरचा षड्ज अलगद लावला हो.” काकूंच्या मुलाच्या वाट्याला नुसत्या टाळ्या आल्या, त्यावर तो रडला. दुसऱ्या दिवशीच्या पुनःप्रक्षेपणाला सगळे पुन्हा जमले आणि आजोबा म्हणाले तेच खरे निघाले.

क्लासांवर या लाटेचा परिणाम लगेच दिसला. गाण्याच्या क्लासला नाव घालणाऱ्यांची रांग वाढली, आणि पालक पहिल्याच दिवशी ‘हिला टीव्हीवर कधी पाठवता येईल’ असे विचारू लागले. शिक्षकांची त्यामुळे पंचाईत झाली. अलंकार-पलट्यांची, म्हणजे स्वरांच्या सरावाची, सहा महिन्यांची मेहनत सोडून गाणेच शिकवा असा आग्रह होऊ लागला. त्याच वेळी एरवी कोणी मागितली नसती अशी भावगीते, अभंग, नाट्यपदे मुले स्वतःहून मागू लागली. वहीत डाव्या पानावर शब्द, उजव्या पानावर स्वरलेखन, आणि वर समासात कोणत्या स्पर्धकाने गायले त्याचे नाव: अशा वह्या ठाण्यातल्या अनेक घरांत माळ्यावर अजून सापडतील. सोसायट्यांच्या गणेशोत्सवात ‘आमचा लिटिल चॅम्प’ अशा स्पर्धा सुरू झाल्या. ट्रॅकची सीडी, एक माइक, परीक्षक म्हणून तिसऱ्या विंगमधल्या गाणाऱ्या काकू, आणि गुण अर्थातच सारेगमप पद्धतीने. लहान मुलांवर या सगळ्याचा ताण आला, काहींचा आवाज फुटण्याच्या वयात फार गायल्याने बिघडला, हे क्लासचालक तेव्हापासून सांगत आले आहेत. आठवणींच्या गोडीत ही बाजू विसरली जाते, ती विसरू नये.

स्पर्धांनी घडवलेल्या ताऱ्यांचे पुढे काय झाले, हा या स्मरणरंजनातला हळवा भाग. हिंगणघाटहून आलेली वैशाली माडे मराठी ‘सारेगमप’ जिंकून २००९ मध्ये हिंदी स्पर्धाही जिंकली. वर्धा जिल्ह्यातल्या मुलीचा हा प्रवास नवी मुंबईत विदर्भातून आलेल्या कुटुंबांनी आपलाच मानला. ‘फेम गुरुकुल’ (२००५) मध्ये अंतिम फेरीआधीच बाहेर पडलेला अरिजित सिंग पुढे त्या पर्वातल्या सगळ्यांपेक्षा मोठा झाला. अभिजीत सावंत बऱ्याच वर्षांनी २०२४ मध्ये ‘बिग बॉस मराठी’त उपविजेता म्हणून दिसला, तेव्हा त्याला मत देणाऱ्यांत २००५ मध्ये वडिलांचा मोबाइल मागून मत दिलेली मुले होती, आता चाळिशीकडे झुकलेली. आर्या ‘ती सध्या काय करते’ (२०१७) चित्रपटात नायिका झाली, रोहित ‘इंडियन आयडल’च्या अकराव्या पर्वात अंतिम फेरीपर्यंत गेला. २०२१ मध्ये ‘लिटिल चॅम्प्स’ पुन्हा आले ते या पाचही जणांना परीक्षकांच्या खुर्चीत बसवून. २०२३ च्या डिसेंबरात प्रथमेश आणि मुग्धा यांचे लग्न झाले, आणि ‘मोदक आणि मॉनिटर’ या शब्दांनी कितीतरी घरांत माणसे एकदम पंधरा वर्षे मागे गेली. मतांमुळे मिळालेले नाव लवकर ओसरते आणि रियाजाने मिळालेले टिकते, असे ठाण्यातले जुने श्रोते म्हणतात. या यादीकडे पाहता ते बरोबर वाटते.

यानंतरही स्पर्धा थांबल्या नाहीत. कलर्स मराठीच्या ‘सूर नवा ध्यास नवा’मध्ये उत्तम गाणारी मुले-माणसे आली, काही तर आधीच्यांपेक्षा तयारीची. पण तोवर प्रत्येकाच्या हातात स्वतःचा पडदा आला होता. आपापल्या वेळी, आपापल्या खोलीत, कानात तार घालून गाणे ऐकले जाऊ लागले. स्पर्धकाची गरिबी, आजार, वियोग यांच्या चित्रफिती लांबल्या आणि गाणे दोन मिनिटांवर आले, ही जुन्या प्रेक्षकांची तक्रारही सार्थ आहे.

आज ही ओढ दिसते ती मुख्यतः दिवाळी पहाटेला. राम मारुती रोड आणि तलावपाळीचा परिसर दिवाळीच्या सकाळी तरुणांनी भरतो. गडकरीत आणि डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृहात सनई वाजते, अत्तर लावले जाते, आणि मंचावर अनेकदा याच स्पर्धांतले गायक असतात. निवेदक त्यांची ओळख चित्रपटांच्या नावांनी करून देतो. प्रेक्षागृहातून मात्र हमखास जुन्या भागात गायलेल्या गाण्याची फर्माईश येते. मागच्या रांगांत तिशीतल्या आया बसलेल्या असतात, मांडीवर मुले, आणि तान समेवर आली की त्यांच्यातली एखादी अजून ओरडते, “वरचा सा!”