संकासूर हलला तो कुठे? ऑटो आयएसओ आणि किमान शटरची पार्श्वभूमी

गोव्यातल्या पेडणे तालुक्यातल्या एका देवळात काल्याच्या रात्री मी दशावताराचे फोटो काढत होतो. मंडपात दोन हॅलोजन, बाकी पिवळे बल्ब. आडदशावतारात, म्हणजे मुख्य नाटकाआधीच्या भागात, काळ्या वेषातला संकासूर राक्षस उड्या मारत आला आणि विष्णूशी त्याची झटापट सुरू झाली. कॅमेऱ्यात ऑटो आयएसओ होतं (उजेडाबद्दलची संवेदनक्षमता कॅमेराच ठरवणार), अपर्चर म्हणजे लेन्सचं भोक 2.8 आणि किमान शटर 1/250 (उजेड आत घ्यायचा वेळ 1/250 सेकंदाहून लांबू नये, अशी माझी सूचना). म्हटलं, आता काही हलणार नाही. घरी येऊन पाहतो तर विष्णूच्या हाताच्या जागी नुसता पांढरा फराटा, आणि फोटोच्या माहितीत शटर 1/125. मी 1/250 सांगितलेलं असताना कॅमेऱ्याने ते ऐकलं का नाही?

याचं उत्तर फिल्मच्या रोलच्या जमान्यापासून शोधावं लागतं. तेव्हा आयएसओ हा रोलचा गुण होता, कॅमेऱ्याचा नव्हे. 400 चा रोल घातला की छत्तीसच्या छत्तीस फोटो 400 वर. अंधार पडला तर फार तर पूर्ण रोल 1600 समजून काढायचा आणि धुणाऱ्याला तसं सांगायचं. मग ग्रेनही (फोटोवर दिसणारे दाणे) मुकाट पत्करायचा. हाताशी उरायचे दोनच खटके, शटर आणि अपर्चर. म्हणून त्या काळातलं सगळं ऑटोमॅटिक या दोघांतच फिरत होतं. 1976 च्या कॅनन एई-1 मध्ये शटर तुम्ही ठरवायचं, अपर्चर कॅमेरा निवडायचा. 1978 च्या ए-1 मध्ये प्रोग्रॅम मोड आला आणि दोन्ही कॅमेऱ्याच्या हाती गेली. फिल्मच्या संवेदनक्षमतेचे जुने एएसए आणि डिन हे आकडे 1974 पासून आयएसओच्या नावाखाली एकत्र येऊ लागले होते, पण फोटोगणिक आयएसओ बदलणं कोणाच्या कल्पनेतही नसावं.

‘किमान शटर’ची कल्पना मात्र तेव्हाचीच आहे, फक्त ती कॅमेऱ्यात नव्हती, फोटोग्राफरच्या तोंडी होती. लेन्स जितक्या मिलिमीटरची, शटर निदान तितक्या भागांचं. 50 ची लेन्स असेल तर 1/50 च्या खाली हातात धरून काढू नकोस, 200 ची असेल तर 1/200. हा नियम हाताच्या कंपाचा आहे, समोरच्या माणसाच्या हालचालीचा नाही. पुढचा बराचसा घोळ इथूनच सुरू होतो.

1991 मध्ये कोडॅकने निकॉन एफ3 च्या अंगावर पहिला डीसीएस हा डिजिटल कॅमेरा बसवला. डिजिटलमध्ये रोलची जागा सेन्सरने घेतली आणि त्याच्या सिग्नलची वाढ फोटोगणिक कमीजास्त करता येऊ लागली. 1998 मध्ये डिजिटल कॅमेऱ्यांसाठी आयएसओ 12232 हे वेगळं मानक आलं. आता खटके तीन झाले, आणि तिसरा कोणी व कधी फिरवायचा हा नवा प्रश्न उभा राहिला.

निकॉनने शोधलेलं उत्तर मला आजही सर्वांत सरळ वाटतं. 2005 च्या डी200 मध्ये ऑटो आयएसओच्या मेनूत दोन आकडे भरता येत: आयएसओ जास्तीत जास्त किती आणि शटर कमीत कमी किती. अपर्चर तुम्ही ठरवलेलं असेल तर उजेड घटत जाईल तसं कॅमेरा आधी शटर सावकाश करतो. शटर किमान आकड्याला टेकलं की मग आयएसओ चढवू लागतो. आयएसओही कमाल आकड्याला पोचलं आणि उजेड तरीही अपुरा असला, तर कॅमेरा काळा फोटो देत नाही, तो शटर पुन्हा खाली आणतो. म्हणजे किमान शटर ही भिंत नाही. आयएसओ कुठून चढू लागावं, याची ती फक्त खूण आहे.

माझ्या मंडपात हेच झालं होतं. त्या उजेडात 2.8 वर 1/250 साठी कॅमेऱ्याला 3200 आयएसओ हवं होतं. नॉइजच्या (आयएसओ चढलं की फोटोत उमटणाऱ्या ठिपक्यांच्या) भीतीने कमाल मीच 1600 वर बांधून ठेवलेली. एक स्टॉप, म्हणजे निम्मा उजेड, कमी पडला, तो शटरने भरला: 1/125.

सगळ्या कंपन्या या वाटेने गेल्या नाहीत. पेंटॅक्सने 2006 च्या के10डी मध्ये टीएव्ही नावाचा मोड दिला: शटर आणि अपर्चर दोन्ही तुमचं, आयएसओ कॅमेऱ्याचं. नाचणाऱ्या, झुंजणाऱ्या माणसांसाठी याहून नेमकी गोष्ट मला माहीत नाही. उलट 2008 च्या कॅनन 5डी मार्क 2 मध्ये मॅन्युअलवर ऑटो आयएसओ लावलं की ते 400 वरच अडकायचं, आणि किमान शटर सांगायची सोयच नव्हती. 2012 च्या मार्क 3 मध्ये ती आली, पण 1/250 पर्यंतच. त्याच वर्षी निकॉन डी800 ने किमान शटरला ‘ऑटो’ हा पर्याय दिला. झूम फिरवाल तसा लेन्सचा जुना नियम कॅमेराच लावणार, आणि तो हवा तसा जलद किंवा सावकाश करून घेता येणार. सोनीनेही 2015 च्या आल्फा 7आर 2 मध्ये अशाच पायऱ्या दिल्या.

तोवर हाताचं कंप सावरायला लेन्समधलं स्थिरीकरण आलेलंच होतं. कॅननची तशी पहिली लेन्स 1995 ची. पण स्थिरीकरण हात सावरतं, फोंड्याच्या शिगम्यातला रोमटामेळ (ढोल वाजवत नाचत जाणारा मेळा) नाही. 35 च्या लेन्सवर ‘ऑटो’ ठेवलं तर नुसत्या नियमाने 1/40 च्या आसपास शटर मिळतं. त्यात ढोल स्पष्ट येतो, ढोलावरची काठी पुसून जाते. घोडेमोडणीत (कमरेला घोड्याची प्रतिकृती बांधून केलेल्या नाचात) तर घोड्याचं तोंडसुद्धा हाती लागत नाही. म्हणून नाचासाठी मी ‘ऑटो’ सोडून आकडाच भरतो: संवाद चालू असेल तर 1/125, झुंज असेल तर 1/320, आणि कमाल आयएसओ 6400. नॉइज असलेला चेहरा छापून देता येतो, पुसलेला चेहरा कोणालाच देता येत नाही.

संकासुराची आणखी एक गोष्ट मला उशिरा उमगली. त्याचा वेष काळा आणि मागचा पडदाही गडद. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरचं सगळं मधल्या राखाडीसारखं धरतो, म्हणून एवढा काळा दिसला की त्याला अंधारच वाटतो आणि तो जास्त उजेड मागतो. ऑटोमध्ये ती मागणी आधी आयएसओवर जाते आणि कमाल संपली की शटरवर. त्या रात्रीचे फोटो पुन्हा उघडले तेव्हा त्यातला काळा खरोखरच राखाडी झालेला होता. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरच्या मापात आपण केलेली वाढ-घट) उणे एकवर ठेवलं असतं तर काळा काळाच राहिला असता, 3200 ची मागणी 1600 वर आली असती आणि शटर 1/250 वरून हललं नसतं.