सेदेर

सेदेर : पेसाह म्हणजेच वल्हांडण सणाच्या रात्री ज्यू घरांत जेवणाच्या टेबलाभोवती होणारा कथाविधी. मिसर देशाच्या गुलामगिरीतून पूर्वज कसे सुटले, ते या रात्री मुलांना सांगायचे असते. हिब्रूत सेदेर म्हणजे क्रम. तो ज्या पोथीत दिलेला असतो ती हग्गादा, म्हणजे कथन. ज्यू पंचांगातल्या निसान महिन्याच्या 15 तारखेची ही रात्र इस्राएलमध्ये एकदा पाळतात. बाहेरचे परंपरानिष्ठ ज्यू मात्र लागोपाठ दोन रात्री पाळतात.

क्रमाच्या पायऱ्या 15 : द्राक्षरसाच्या पहिल्या पेल्यावरील आशीर्वादापासून स्तोत्रे व समाप्तीपर्यंत. त्यांतली पाचवी, ‘मग्गीद’, हीच खरी गोष्ट. ती सांगण्याआधी कोणीतरी विचारायला हवे, हा या विधीचा कणा. मिश्ना हा ज्यू धर्मनियमांचा संग्रह (सुमारे इ. स. 200) म्हणतो : दुसरा पेला भरला की मुलाने विचारावे, त्याला सुचत नसेल तर बापाने शिकवावे. मिश्नेवरील चर्चांचा ग्रंथ तालमूद पुढे जातो. मूल नसेल तर बायकोने विचारावे, माणूस एकटा असेल तर त्याने स्वतःलाच विचारावे, आणि सगळे नियम पाठ असलेल्या दोन पंडितांनीही एकमेकांना विचारावे.

म्हणूनच सुरुवातीच्या कृती मुद्दाम विचित्र ठेवल्या आहेत. भाजीची काडी मिठाच्या पाण्यात बुडवून खातात आणि जेवण मात्र येत नाही. तीन मात्सांपैकी (बेखमीर पोळ्या) मधली मोडतात आणि तिचा मोठा तुकडा लपवून ठेवतात. अनेक घरांत भरलेले ताट कोणी घास घेण्याआधीच बाजूला सरकवतात. मूल ‘हे काय?’ म्हणाले की काम झाले. हग्गादेतले चार मुलगे – शहाणा, दुष्ट, भोळा आणि विचारताच न येणारा – यांना उत्तरेही वेगवेगळी आहेत. एकच उत्तर सगळ्यांच्या गळी उतरवायचे नाही.

पुढचे निरूपण सुटकेची कथा सांगणाऱ्या, बायबलातल्या निर्गमच्या पुस्तकातून सरळ वाचत नाहीत. बायबलातल्याच ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातली (26:5–8) पहिले पीक मंदिरात आणणाऱ्या शेतकऱ्याने म्हणायची वचने घेऊन त्यांतला शब्दन् शब्द उकलतात. लोकांना मिसरातून बाहेर नेणाऱ्या मोशेचे नाव जवळजवळ येतच नाही, श्रेय देवाचे. देवाने मिसरावर आणलेल्या दहा पीडा मोजताना दर पीडेला पेल्यातला एक थेंब काढून टाकतात.

मापे काटेकोर आहेत. पिठाला पाणी लागल्यापासून 18 मिनिटांत मात्सा भट्टीत भाजायला जायला हवी. त्याहून जास्त वेळ पीठ नुसते पडून राहिले तर ते खमिरी, म्हणून सणाला वर्ज्य मानले जाते. पेले चार, प्रत्येकी एका प्रचलित मतानुसार किमान 86 मिलिलिटर. सुरुवातीची भाजी ऑलिव्हपेक्षा कमी खावी, नाहीतर नंतरचा आशीर्वाद म्हणायचा की नाही हा वाद उपटतो. कडू भाजी म्हणून लेट्यूस उत्तम : आधी गोडसर, मग कडू, जशी मिसरातली गुलामी. तिच्या पानांतले किडे नीट धुऊन पाहावे लागतात. लपवलेला तुकडा जेवणानंतर, मध्यरात्रीच्या आत खायचा.

बिघडते ते बहुधा मग्गीदमध्येच. अंधार पडल्याशिवाय सुरू करता येत नाही, जेवण गोष्टीनंतर, आणि वडीलधारी मंडळी हिब्रू घडाघडा वाचत सुटतात. मुले तिथेच पेंगतात. यावरचे उपाय जुनेच आहेत : दुपारी झोपवणे, आणि तालमुदात रब्बी (धर्मगुरू) अकिवा वाटत असत तसे भाजलेले दाणे व अक्रोड-बदाम वाटणे. लपवलेला तुकडा मुलांनी पळवून त्याची खंडणी मागण्याची चालही त्यासाठीच. न कळणारी भाषा हे दुसरे दुखणे. ‘हे दुःखाचे अन्न’ असे सांगत भुकेल्यांना जेवायला बोलावणारा सुरुवातीचा परिच्छेद हिब्रूत नसून अरामीत आहे, कारण तेव्हा घरात बोलली जाई ती अरामी.

कोकणातल्या बेने इस्राएल या मराठी भाषक ज्यूंत या सणाला ‘अनाशी ढाकाचा सण’ म्हणत : अनस हा आंबट कालवणाचा रांजण, तो सणापुरता झाकायचा. भांड्यांना कल्हई व्हायची. युरोपातल्या अश्केनाझी ज्यूंना वर्ज्य असलेला भात इथे चालतो, आणि पेल्यात मनुका भिजवून कुस्करलेले सरबत. मराठी भाषांतरासह हग्गादा मुंबईत 1846 मध्ये शिळाप्रेसवर छापली गेली. पुण्यात 1874 मध्ये निघालेल्या सचित्र आवृत्तीत मात्सा करणाऱ्या बायका साडी नेसलेल्या आहेत.