कंदिलाचं काम बॅटरीकडे आलं, त्याची पार्श्वभूमी

सोलापुरात वळीव येतो तो एप्रिल-मेच्या संध्याकाळी, आधी धुळीचा लोट घेऊन. वारा सुटला की पहिल्यांदा लाईट जाते. कुठं तारेवर फांदी पडलेली असते, कुठं उडालेला पत्रा खांबाला अडकलेला असतो. अर्ध्या तासात येईल की पहाटे, कुणालाच सांगता येत नाही. अशा वेळी हातातली बॅटरी किती तास पुरेल, हे नेमकं कळायला थोडं मागं जावं लागतं. कारण बॅटरी मुळात तासन् तास जळण्यासाठी बनलेलीच नव्हती.

सुका सेल कार्ल गास्नर यांनी १८८६ मध्ये आणला. नळीत सेल आणि टोकाला दिवा, अशा विजेरीचं पेटंट डेव्हिड मिसेल यांना अमेरिकेत १८९९ मध्ये मिळालं. पण त्या सेलांत दम कमी आणि कार्बनच्या तारेचा दिवा खादाड. कळ दाबायची, क्षणभर बघून घ्यायचं आणि सोडायची. फ्लॅशलाइट हे नाव त्या क्षणभराच्या झोतावरूनच पडलं. पुढे १९१० च्या सुमारास टंगस्टनची तार आली आणि दिवा जरा जास्त वेळ टिकू लागला.

आपल्याकडे या वस्तूला लोकांनी ‘बॅटरी’च म्हटलं, विजेरी हा शब्द पुस्तकातच राहिला. एव्हरेडीचा टॉर्चचा कारखाना लखनौला १९५८ मध्ये सुरू झाला. दोन-तीन मोठ्या सेलांची ती लांब बॅटरी रात्री रानात पाणी धरताना, पायाखालचा विंचू-साप बघताना, रातपाळी सुटल्यावर घरी येताना लागायची. घरात मात्र कंदील आणि चिमणी. रेशनचं रॉकेल, राखेनं पुसलेली काच, भिंतीवर काजळीचा डाग. बॅटरी बाहेर आणि कंदील घरात, अशी कामाची वाटणीच होती. उतरलेले सेल उन्हात ठेवायची रीतही तेव्हाचीच. उष्णतेनं आतली रासायनिक क्रिया वेग घेते, म्हणून सेल थोडा वेळ तरतरीत होतो. नवी वीज त्यात भरत नाही.

ही वाटणी मोडली भारनियमनानं. दाभोळचा वीजप्रकल्प १९९९ मध्ये सुरू झाला आणि २००१ मध्ये बंद पडला. मागणी वाढत राहिली, निर्मिती मागं पडली. ६ जून २००५ रोजी वीज मंडळाचं विभाजन होऊन महावितरण वेगळी झाली. त्या काळात तुटवड्याचे तास वाटून दिले जायचे. गळती आणि थकबाकी बघून फीडरचे, म्हणजे एकेका भागाला वीज नेणाऱ्या वाहिन्यांचे, गट पाडले गेले. सोलापूरसारख्या यंत्रमागाच्या शहरात याचा अर्थ फार थेट होता. वीज गेली की पूर्व भागातला मागांचा खडखडाट एकदम थांबायचा, आणि ती शांतता सगळ्या पेठेला ऐकू यायची. विड्या वळणाऱ्या बायकांचं काम मात्र थांबून चालायचं नाही. सकाळी मोजून माल द्यायचा असतो. मांडीवरच्या सुपात पान, तंबाखू आणि दोरा दिसेल एवढा उजेड त्यांना दोन-तीन तास सलग हवा. मला वाटतं, घरातल्या बॅटरीचा खरा कस तिथं लागतो.

नेमक्या याच सुमारास एलईडी स्वस्त होऊ लागली. लाल एलईडी १९६२ पासून होती. पांढऱ्या उजेडासाठी निळी लागते, आणि ती चांगली उजळ करून दाखवली जपानी संशोधक शुजी नाकामुरा यांनी, १९९३ मध्ये. निळ्यावर फॉस्फरचा, म्हणजे निळ्या उजेडातला काही भाग पिवळा करणाऱ्या पदार्थाचा, थर देऊन १९९६ मध्ये पांढरी एलईडी बाजारात आली. निळ्या एलईडीसाठी नाकामुरा, अकासाकी आणि अमानो यांना २०१४ चं नोबेल मिळालं. पण सुरुवातीच्या चार्जिंगच्या बॅटऱ्यांत बहुधा शिसे-आम्लाचा सेल असायचा. तो उतरलेल्या अवस्थेत पडून राहिला की आतल्या पट्ट्यांवर सल्फेट घट्ट बसतं आणि सेल मरतो. आमच्या घरात अशा दोन गेल्या. दिवा शाबूत, सेल मेलेला.

आता परिस्थिती वेगळी आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेचं ग्रिड, म्हणजे विजेच्या वाहिन्यांचं जाळं, उर्वरित देशाशी एक झालं. सोलापूरजवळ फताटेवाडीला एनटीपीसी या सरकारी वीज कंपनीचे ६६० मेगावॅटचे दोन संच २०१७ आणि २०१९ मध्ये सुरू झाले. वीज शहराच्या दारात तयार होते. पण गल्लीतली तार तुटली तर त्याचा उपयोग नाही. अंधार आता वेळापत्रक बघून येत नाही, म्हणून कपाटात महिनोन् महिने पडूनही ऐन वेळी पेटेल अशीच बॅटरी हवी.

खोक्यावरचे तास वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. बॅटऱ्यांसाठीच्या अमेरिकेतल्या २००९ च्या एफएल-१ मानकानुसार, उजेड सुरुवातीच्या एक दशांशावर येईपर्यंतचा वेळ म्हणजे चालण्याचा वेळ. म्हणजे ‘५० तास’ लिहिलेली बॅटरी शेवटच्या तासांत अगदीच मिणमिणती असू शकते. उजेड ल्युमेनमध्ये मोजतात. खोलीत वावरायला १० ल्युमेन पुरतात, विशेषतः झोत छताकडे वळवला तर. बारीक कामाला थोडा जास्त आणि जवळून हवा. चांगली एलईडी एका वॅटमध्ये सुमारे १०० ल्युमेन देते. दोन अल्कलाइन पेन्सिल सेलांत ५-६ वॅट-तास असतात. मधल्या मधे वाया जाणारी वीज धरूनही १० ल्युमेनवर ४० तास निघतात. तीच बॅटरी २०० ल्युमेनवर लावली तर फार तर दोन तासांत आटोपते. त्यामुळे हजारो ल्युमेनच्या जाहिरातीपेक्षा बॅटरीला उजेडाची खरी मंद पायरी आहे का, हे मी आधी बघतो. मंद ही एकच पायरी असली तरी माझी तक्रार नाही.

सेलाबाबत सोलापूरचा उन्हाळा विसरता येत नाही. पूर्ण चार्ज केलेला लिथियम सेल पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवला तर लवकर म्हातारा होतो. अल्कलाइन आत तसेच राहिले तर पाझरतात आणि स्प्रिंग खातात. २००५ पासून मिळणारे, पडून राहिले तरी फारसे न उतरणारे निकेल-मेटल हायड्राइडचे पेन्सिल सेल मला या कामाला बरे वाटतात. आमच्याकडे ते गुढीपाडव्याला चार्ज करून बॅटरीत घालतो, वळवाच्या आधी. बॅटरी दाराजवळच्या खुंटीला अडकवलेली असते, अंधारात हात जाईल तिथं. त्याच खुंटीला पूर्वी कंदील होता.