चहाचा चमचा: निवडावा कसा, फिरवावा कसा

चहाच्या चमच्यावरून वाद निघाला की बहुतेक जण तो एका वाक्यात मिटवतात: हाताला लागेल तो घ्यावा. मला हे पटत नाही. या एवढ्याशा वस्तूकडून आपण तीन अगदी वेगळी कामं करून घेतो. कपात ढवळायचं तिनेच, तोंडात घास न्यायचा तिनेच आणि मोजायचंही तिनेच. ढवळायला द्रवाला धक्का देणारं पातं लागतं. तोंडात जाणाऱ्या चमच्याला स्वतःची चव नसावी लागते. मापाचा चमचा दर वेळी तेवढाच भरावा लागतो. एकच चमचा या तिन्ही कामांना पुरा पडला, तर तो योगायोग समजावा.

आधी ढवळण्याचं बघू, कारण खरी वादावादी तिथेच होते. चमचा गोल फिरवावा की मागेपुढे हलवावा?

समजा, ढवळलंच नाही. साखर तळाशी पडली आहे आणि वर पाणी अगदी निश्चल आहे. साखरेचे रेणू आपले आपण भटकत वर जाऊ लागतील. याला विसरण म्हणतात, आणि ते अतिशय मंद असतं. नुसत्या विसरणावर सोडलं, तर पाच सेंटिमीटर उंचीच्या कपात गोडी वरपर्यंत पोचायला काही आठवडे लागतील. प्रत्यक्ष कपात इतका वेळ लागत नाही, कारण गरम द्रव वरून आणि कडेने थंड होत असतो आणि त्यामुळे आत सतत लहान लहान प्रवाह चालू असतात. पण साखर विरघळलेलं पाणी साध्या पाण्यापेक्षा जड असतं. ते तळाशी बैठक मारतं. वरचे घोट फिके आणि शेवटचा घोट पाकासारखा, हा अनुभव यातूनच येतो.

तळाशी साखर उरली की लोक म्हणतात, साखर जास्त झाली, पाण्यात मावली नाही. हा आरोप चुकीचा आहे. २० अंश सेल्सिअसच्या १०० मिलिलिटर पाण्यात सुमारे २०० ग्रॅम साखर विरघळते, आणि पाणी गरम असेल तर त्याहून कितीतरी जास्त. कपभर पाण्याची क्षमता दोन-चार चमच्यांनी संपत नाही. अडचण कणाच्या अवतीभवती असते. साखरेच्या प्रत्येक कणाभोवती दाट पाकाचा एक पातळ थर तयार होतो, आणि तो थर बाजूला सरकेपर्यंत आतली साखर सुटी होत नाही. चमच्याचं खरं काम म्हणजे हा थर धुऊन काढणं.

आता गोल फिरवण्याकडे या. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत चमचा द्रवाला चांगलं घुसळतो. त्यानंतर सगळा द्रवच चमच्याबरोबर फिरायला लागतो, ताटली फिरावी तसा. शेजारचे थर एकमेकांच्या सोबतीने फिरत राहतात आणि एकमेकांत फारसे मिसळत नाहीत. हात जोरात चाललेला दिसतो, पण कणांवरून होणारी धुलाई मंदावलेली असते.

शिवाय तळाशी आणखी एक गोष्ट घडते. न गाळलेल्या चहाची पानं गोल ढवळून चमचा बाहेर काढा. पानं पाण्यापेक्षा जड, म्हणजे गोल फिरताना ती बाहेर फेकली जाऊन कडेला जमायला हवीत. जमतात मात्र मधोमध. या कोड्याची उकल आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९२६ मध्ये एका छोट्या लेखात केली. फिरत्या द्रवात कडेचा दाब मध्यापेक्षा जास्त असतो आणि तो द्रवाला आत ढकलतो. वरच्या भागात द्रव वेगाने फिरत असल्यामुळे बाहेर जाण्याची ओढ या दाबाला तोलून धरते. तळाशी मात्र कपाच्या बुडाशी होणाऱ्या घर्षणाने वेग कमी पडतो, तोल बिघडतो आणि तळालगतचं पाणी कडेकडून मध्याकडे वाहू लागतं. मध्यावर आलं की ते वर चढतं आणि पृष्ठभागावरून पुन्हा कडेला जातं. पानं त्याच्याबरोबर मध्यापर्यंत येतात, पण वर चढण्याइतकी हलकी नसल्यामुळे तिथेच बसून राहतात. नदीच्या वळणावर बाहेरचा काठ खचत जातो आणि आतल्या काठाशी गाळ साचतो, त्यामागेही असाच आडवा प्रवाह असतो. आइन्स्टाइन यांचा तो लेख मुळात नद्यांच्या वळणांबद्दलच होता, कप त्यांनी उदाहरणादाखल घेतला. मला हे फार मोलाचं वाटतं: कपभर चहात दिसणारा प्रवाह आणि खोरं कोरणारा प्रवाह यांचा नियम एकच.

साखरेचे न विरघळलेले कणही याच वाटेने मध्यभागी ढीग करून बसतात, आणि मध्यभागी फिरण्याचा वेग सगळ्यात कमी असतो. म्हणजे नुसतं गोल ढवळणारा माणूस साखर नेमक्या अशा जागी गोळा करतो, जिथे ती सगळ्यात हळू विरघळते.

माझा कौल म्हणून मागेपुढे हलवण्याला आहे. चमच्याचा खोलगट भाग प्रवाहाला आडवा धरून ढकलला की त्याच्या मागे भोवरे सुटतात, आणि परत ओढताना तो त्याच भोवऱ्यांना छेदतो. द्रवाला एका दिशेची लय लागत नाही. गोल फिरवायची सवय सुटत नसेल, तर चार फेऱ्यांनंतर दिशा उलटी करावी. त्या क्षणी कपात जी खळबळ उडते, ती आधीच्या दहा फेऱ्यांपेक्षा अधिक कामाची. आणि अधूनमधून तळाच्या मध्यातून चमचा वर उचलावा. पातं रुंद असेल तर भोवरे मोठे होतात, पण कपाच्या बुडाच्या कोपऱ्यात न पोचणारा रुंद चमचा निरुपयोगी. दांडी कपाच्या उंचीपेक्षा निदान चार बोटं लांब हवी.

ढवळून झाल्यावर चमचा लगेच बाजूला ठेवू नका. कपात एखादी भुकटी घालून नीट ढवळा आणि चमच्याने कपाच्या बुडावर सारख्या जोराने टकटक करत राहा. सुरुवातीला आवाज खर्जातला येतो आणि मग सेकंदासेकंदाला चढत जातो. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ फ्रँक क्रॉफर्ड यांनी १९८२ मध्ये याचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. ढवळताना द्रवात हवेचे असंख्य सूक्ष्म बुडबुडे शिरतात. हवा सहज दबते, त्यामुळे बुडबुड्यांनी भरलेल्या पाण्यातून ध्वनी साध्या पाण्यापेक्षा कितीतरी हळू जातो. पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर असतो, हवेत सुमारे ३४०. बुडबुडे पुरेसे असतील तर मिश्रणातला वेग या दोन्हींपेक्षा कमी होऊ शकतो. वेग कमी म्हणून द्रवाच्या स्तंभाचा स्वर खालचा. बुडबुडे फुटत गेले की वेग वाढतो आणि स्वर वर चढतो. पुन्हा ढवळा, स्वर पुन्हा खाली येतो.

चमचा कशाचा असावा, हा पुढचा मुद्दा. चांदी उष्णता फार चटकन वाहून नेते. साध्या स्टेनलेस स्टीलच्या पंचवीस पटींहून अधिक. म्हणून गरम पेयात ठेवलेल्या चांदीच्या चमच्याची दांडी पाहता पाहता बोटांना चटका देते आणि स्टीलची बराच वेळ सोसवते. लाकूड आणि प्लॅस्टिक तर उष्णता जवळजवळ अडवूनच धरतात. चमच्यामुळे पेय किती थंड होतं, हाही वादाचा विषय असतो, आणि तो साध्या आकडेमोडीने सुटतो. २० ग्रॅमचा स्टीलचा चमचा २५ अंशांवरून ८५ अंशांपर्यंत तापायला सुमारे ६०० ज्यूल उष्णता घेतो. १५० मिलिलिटर पाणी एक अंशाने निववायला सुमारे ६३० ज्यूल काढून घ्यावे लागतात. म्हणजे चमचा जेमतेम एका अंशाचा फरक करतो. ढवळण्याने पेय लवकर निवतं ते मुख्यतः तळाचा गरम भाग पृष्ठभागावर येऊन तिथून जास्त वाफ जाते म्हणून.

चवीचं उत्तर अधिक रंजक आहे. लंडनमधल्या संशोधकांनी आकाराने सारख्या चमच्यांवर वेगवेगळ्या धातूंचे मुलामे चढवले आणि लोकांना ते नुसते चाखायला दिले. हा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. जस्त आणि तांबं यांची चव सगळ्यांत धातूसारखी आणि कडवट लागली. सोनं आणि क्रोम सगळ्यांत सौम्य ठरले. धातू लाळेत किती सहज विरघळून आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, देतो, त्यावर बरंचसं अवलंबून असतं. सोनं काहीच देत नाही. क्रोम मुळात चांगलाच क्रियाशील धातू आहे, पण हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा एक अतिशय पातळ, घट्ट थर बसतो आणि आतला धातू जिभेपर्यंत पोचत नाही. स्टेनलेस स्टीलचं गुपितही हेच. त्यात निदान साडेदहा टक्के क्रोमियम असतं आणि ओरखडा पडला तरी ऑक्साइडचा थर आपोआप पुन्हा बनतो. चमच्यावर १८/१० असं कोरलेलं असेल तर १८ टक्के क्रोमियम आणि १० टक्के निकेल असा त्याचा अर्थ. असा चमचा लोहचुंबकाला सहसा चिकटत नाही, तर निकेल नसलेला चिकटतो. सोन्याच्या तोडीची बेचव इतक्या साध्या धातूत मिळते, याहून चांगली निवड मला सुचत नाही.

ढवळण्याची आणि चवीची चूक पुढच्या कपात सुधारता येते. मापाची चूक मात्र महागात पडते, आणि माझा खरा आग्रह याच बाबतीत आहे.

लंडनच्या सरकारी राजपत्रात १६८६ साली चहाच्या तीन लहान, सोनेरी मुलाम्याच्या चमच्यांची जाहिरात आली होती. तेव्हा हे चमचे आजच्यापेक्षा बारके असत. चहा महाग होता, कपही लहान होते. चहा स्वस्त झाला तसा चमचा वाढत गेला. आज पाककृतीतला टीस्पून ५ मिलिलिटरचा धरतात, पण तो प्रमाणित मापाचा चमचा. जेवणाच्या संचातला चमचा बनवणारा दिसण्याचा आणि धरण्याचा विचार करतो, त्याच्यावर ५ मिलिलिटरचं बंधन नसतं. ग्रीसमधल्या अ‍ॅटिका भागातल्या २५ घरांतून संशोधकांनी ७१ चहाचे चमचे गोळा करून मोजले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या मोजणीत सगळ्यात लहान चमच्यात अडीच मिलिलिटर मावलं आणि सगळ्यात मोठ्यात ७.३. म्हणजे जवळजवळ तिप्पट फरक. आणि सगळ्यांचं नाव एकच, चहाचा चमचा.

लहान मुलाचं औषध अशा चमच्याने देणं मला अजिबात मान्य नाही. अमेरिकेत पालकांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, चमच्याच्या भाषेत डोस सांगणाऱ्या पालकांकडून चूक होण्याची शक्यता मिलिलिटरमध्ये सांगणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट निघाली. पुढच्याच वर्षी तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने मुलांची द्रवरूप औषधं फक्त मिलिलिटरमध्ये लिहावीत, असं धोरण जाहीर केलं. टीस्पूनच्या जागी टेबलस्पून घेतला गेला तर डोस थेट तिप्पट होतो. औषधाला रेषा मारलेली सिरिंज किंवा बाटलीबरोबर आलेलं माप, बस.

कोरड्या पदार्थात आणखी एक घोळ असतो, तो म्हणजे शीग. सुरीच्या पाठीने सपाट केलेला चमचा आणि शिगोशीग भरलेला चमचा यांत मोठा फरक असतो, आणि शीग किती उभी राहील हे कणांच्या आकारावर, ओलाव्यावर ठरतं. सपाट चमच्यात साखर सुमारे ४ ग्रॅम बसते, बारीक मीठ सुमारे ६, पीठ ३ हूनही कमी. जुलाबांत घरी करायच्या पाण्याचं प्रमाण याच सपाट चमच्यांत सांगतात: एक लिटर स्वच्छ पाणी, सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. इथे मिठाची शीग चालत नाही, कारण मीठ जास्त झालं तर आधीच पाणी गमावलेल्या बाळाच्या रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीला जाऊ शकतं. तयार पुडी मिळाली तर तीच वापरावी. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ डेव्हिड मॉर्ले यांनी तर या एका कामासाठी दोन टोकांचा प्लॅस्टिकचा चमचा पुढे आणला. एका टोकाला साखरेचं माप, दुसऱ्याला मिठाचं.

आपला चमचा किती मिलिलिटरचा, हे काढायला पाच मिनिटं लागतात. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वाटी ठेवून तो शून्यावर आणा आणि काठोकाठ भरलेले दहा चमचे पाणी तिच्यात ओता. जेवढे ग्रॅम भरतील त्याला दहाने भागा. पाण्याचा एक ग्रॅम म्हणजे जवळजवळ एक मिलिलिटर. एकच चमचा मोजू नये, कारण पृष्ठताणामुळे पाणी काठाच्या वर फुगून उभं राहतं आणि चमच्याचमच्यात थोडा फरक पडतो; दहांच्या सरासरीत तो निवळतो. पाचाच्या जवळ येणारा एक चमचा निवडा आणि त्याच्या दांडीवर खूण करा.

ही खूण केलेला चमचा मग खणात टाकू नका. मेलबर्नच्या बर्नेट संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी ७० चमच्यांवर कुणाला दिसणार नाही असे क्रमांक घातले, ते संस्थेतल्या चहाच्या खोल्यांत ठेवले आणि पाच महिने मोजत राहिले. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ५६ चमचे, म्हणजे ८० टक्के, नाहीसे झाले. किरणोत्सारी पदार्थाला लावतात तसा अर्धायुष्याचा हिशेब त्यांनी चमच्यांना लावला. ठरावीक गटाच्या खोल्यांत निम्मे चमचे जायला ७७ दिवस लागले, सगळ्यांसाठी खुल्या खोल्यांत ४२. चमचा महागाचा की स्वस्तातला, याने काही फरक पडला नाही. तेव्हा मापाचा चमचा साखरेच्या बरणीत, झाकणाखाली ठेवलेला बरा.